सीवर्डला किती रात्री राहावे आणि हिमक्षेत्राची वाट कोणत्या दिवशी चढावी?

प्रश्न : कर्वेनगरवासी

नमस्कार. येत्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे अलास्काला जात आहोत. मी (वय ५२), पत्नी (४९), सिएटलमध्ये शिकणारी मुलगी आणि माझी आई (७१). व्हिसा मिळाला आहे, अँकरेजपर्यंतची विमानाची तिकिटे काढून झाली आहेत. त्यापुढचे नऊ दिवस अजून मोकळे आहेत.

मला सर्वांत जास्त ओढ आहे ती सीवर्ड या समुद्रकाठच्या मासेमारीच्या गावाची आणि तिथून जवळच असलेल्या एक्झिट हिमनदीच्या कडेने वर हार्डिंग हिमक्षेत्रापर्यंत, म्हणजे ती हिमनदी ज्या बर्फाच्या विस्तारातून उतरते तिथपर्यंत, चढणाऱ्या वाटेची. पुण्यातल्या एका प्रवास कंपनीने जो आराखडा दिला आहे, त्यात सीवर्डला एकच दिवस आहे. सकाळच्या रेल्वेने पोचायचे, बोटीतून फेरी मारायची आणि संध्याकाळच्या गाडीने अँकरेजला परतायचे. हिमनदीचा उल्लेख त्यात ‘वेळ मिळाल्यास’ एवढाच आहे. जिच्यासाठी इतक्या दूर जायचे, ती वेळ मिळाली तर पाहायची, हे माझ्या मनाला पटत नाही, म्हणून इथे विचारतो आहे.

मी दर रविवारी सिंहगड चढतो. मुलीबरोबर राजगड आणि कळसूबाई झाले आहेत. बर्फावर मात्र आम्ही दोघांनीही कधी पाऊल ठेवलेले नाही. आईचे गुडघे दुखतात, तरी सपाटीवर दीड-दोन किलोमीटर ती सावकाश चालते. ती मूळची दापोलीकडची आहे आणि बंदर व मासे हे तिचे फार जिव्हाळ्याचे विषय आहेत. पत्नी शाकाहारी आहे आणि तिला चढाईपेक्षा अस्वलांची काळजी अधिक वाटते. सीवर्डला नेमके किती दिवस द्यावेत, वरपर्यंतची वाट आम्हाला झेपेल का आणि त्या वेळात आईने काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : घाटवाटा, औंध

उत्तर आधी देतो, कारणे मागाहून सांगतो. सीवर्डला किमान तीन रात्री राहा, आणि हिमक्षेत्राची वाट कोणत्या तारखेला चढायची हे पुण्यात बसून ठरवू नका. त्या वाटेवर दिवसभरासाठी जायला आगाऊ परवाना लागत नाही, प्रवेशशुल्कही नाही. त्यामुळे सकाळी उठून आकाश पाहावे आणि मोकळे दिसले तर निघावे, एवढी सवड हातात ठेवणे हीच या सहलीची खरी तयारी आहे.

हे मी अनुभवातून सांगतो. दोन वर्षांपूर्वी, जुलैमध्येच, मी आणि माझा धाकटा भाऊ तिथे गेलो होतो. पुण्यातून निघतानाच आम्ही दुसरा दिवस हिमक्षेत्रासाठी ठरवून टाकला होता. त्या सकाळी पाऊस बारीक होता, ढग मात्र डोंगराच्या अर्ध्यापर्यंत उतरले होते. ठरले आहे म्हणून आम्ही चढलो. अडीच तासांनंतर दहा पावलांपलीकडचे दिसेना, वाटेवरच्या बर्फात खुणेचे झेंडे सापडेनात, तेव्हा मागे फिरलो. खाली आलो तेव्हा अंगावरचा एकही कपडा कोरडा नव्हता. सुदैवाने आमच्याकडे आणखी एक दिवस होता आणि तो स्वच्छ उजाडला. तो नसता, तर ढगाच्या आतला भाग पाहून आम्ही परतलो असतो.

या हवेचे कारण समजले की तिचा राग येत नाही. अरबी समुद्रावरून आलेले ढग जसे ताम्हिणीच्या डोंगरांना अडून रिते होतात, तसेच पॅसिफिकवरून येणारी ओल सीवर्डच्या मागच्या केनाई डोंगरांना अडते. खाली त्याचा पाऊस होतो, वर हिम होते. उन्हाळ्यात वितळते त्याहून अधिक हिम शतकानुशतके साचत आणि दबत गेले, त्यातून हार्डिंग हिमक्षेत्र तयार झाले. आपला दिवस बिघडवणारा ढग नसता, तर पाहायला गेलो तो बर्फही नसता.

आता वाटेविषयी. सीवर्डच्या मुख्य रस्त्यावरून एक फाटा हिमनदीकडे जातो आणि साधारण १३ किलोमीटरांवर वाहनतळ येतो. केनाई फियॉर्ड्स राष्ट्रीय उद्यानाचा रस्त्याने पोचता येईल असा हा एकच भाग आहे. जुलैत भर दुपारी वाहनतळ भरलेला असतो, म्हणून सकाळी आठच्या आत पोचावे. हिमक्षेत्राची वाट जाऊन-येऊन सुमारे १३ किलोमीटर आहे आणि दर मैलाला जवळजवळ १००० फूट चढते. सिंहगड एका दमात चढून उतरावा आणि न थांबता पुन्हा पायथ्यापासून चढायला लागावे, असा तो हिशेब आहे. जाण्यायेण्याला सहा ते आठ तास लागतात. सिंहगडावर आपण कोणत्याही वळणावर थांबून ताक पिऊ शकतो, तिथे पाण्यासकट सारे पाठीवर न्यावे लागते.

पहिला टप्पा दाट झाडीतून जातो. सव्वादोन किलोमीटरांच्या आसपास झाडी सरते आणि एखाद्या गडाच्या माचीसारखे मोकळे, फुलांनी भरलेले गवताळ मैदान लागते. त्याला मार्मट मेडोज म्हणतात. मार्मट हा खारीच्या कुळातला, मांजराहून मोठा प्राणी आहे आणि त्याची शीळ माणसाने घातल्यासारखी ऐकू येते. इथून हिमनदी पहिल्यांदा समोर उलगडते. चार किलोमीटरांच्या जरा अलीकडे कड्याचा माथा येतो आणि तिथून खाली बर्फातल्या निळ्या भेगा स्पष्ट दिसतात. त्यानंतर घसाऱ्याची आणि बर्फाची वाट सुरू होते. वरच्या भागात जुलैपर्यंत बर्फ राहतो, कधी त्यानंतरही. त्यावर चालण्यासाठी दोन काठ्या आणि घोट्याला आधार देणारे चांगल्या पकडीचे बूट पुरतात, परंतु उतरताना टाच रोवून, घाई न करता यावे. आमच्याकडे पावसाळी ट्रेकला चालणारे साधे बूट होते आणि भाऊ दोनदा घसरला.

वाट संपते तिथे जे दिसते त्याचे वर्णन करणे मला कधीच नीट जमलेले नाही. हे हिमक्षेत्र आणि त्यातून उतरणाऱ्या सुमारे ४० हिमनद्या मिळून जवळपास १८०० चौरस किलोमीटर भूमी व्यापतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही त्यात ठेवली तरी बरीच जागा उरेल. त्या पांढऱ्या विस्तारातून मधूनच काळ्या शिखरांची टोके वर आलेली दिसतात, बाकी पर्वत पूर्ण बुडालेले असतात. मी तिथे जवळजवळ तासभर बसलो होतो आणि बर्फावरून येणाऱ्या वाऱ्याने बोटे बधिर झाल्यावर उठलो. म्हणून लोकरीची टोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट खाली ऊन असले तरी सोबत असू द्या. आपण आणि कन्या ही वाट निश्चित कराल. जमले नाही तर मार्मट मेडोजवरून परतण्यातही काही कमीपणा नाही.

प्रतिसाद २ : हर्णैकर, धायरी

माझे घर हर्णै बंदरापासून हाकेच्या अंतरावर होते आणि नोकरीनिमित्त मी पुण्यात आलो. त्यामुळे आपल्या मातोश्रींचा दिवस मी आखून देतो.

तुम्ही जाल तेव्हा आपल्याकडे मासेमारी बंद असेल. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, त्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेकडे डोळे लावून सारे बसलेले असतात. सीवर्डचे बंदर नेमके याच दिवसांत सर्वांत गजबजलेले असते. तिथे सामन मासा अंडी घालायला समुद्रातून नद्यांमध्ये शिरतो तो उन्हाळ्यात. सरकारी खाते नदीत किती मासे चढले याची मोजणी ठेवते आणि त्याप्रमाणे मासेमारी कुठे व किती दिवस चालू द्यायची हे ठरवते. आपल्याकडे तारीख ठरलेली असते, तिकडे मोजणी पाहून तारीख ठरते. माशाला अंडी घालायला सवड मिळावी हा हेतू दोन्हीकडे सारखाच आहे, आणि कोकणातल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुपारी चारनंतर आईंना छोट्या होड्यांच्या धक्क्यावर घेऊन जा. गळ टाकायला गेलेल्या पर्यटकांच्या होड्या त्या सुमारास परततात, दिवसभराची मासळी फळीवर हारीने टांगली जाते आणि मग तिथल्याच लांब टेबलांवर ती साफ केली जाते. पात्याचा हात इतका सफाईदार चालतो की मी पाऊण तास जागचा हललो नाही. हॅलिबट हा आपल्या लेपासारखा चपटा आणि एकाच बाजूला दोन्ही डोळे असलेला मासा आहे, परंतु आकाराने कितीतरी मोठा. मी पाहिलेल्यांपैकी एक तर उभा धरला असता तर माझ्या छातीपर्यंत आला असता. चंदेरी सामनची चढण ऑगस्टमध्ये जोर धरते, तरी जुलैअखेर त्याची सुरुवात दिसू शकेल. आपल्या बाजारात रावसाला इंडियन सामन म्हणतात, म्हणून आई तुलना करतील. त्यांना सांगा की दोन्ही माशांचे कूळ वेगळे आहे आणि चवही वेगळी आहे.

धक्क्याच्या फळ्या सपाट आहेत, बसायला बाक आहेत आणि पाण्यात समुद्री ऊदमांजरे पाठीवर पडून तरंगताना दिसतात. मात्र होडीपर्यंत उतरणारा तिरपा पूल भरतीच्या वेळी जवळजवळ आडवा असतो आणि ओहोटीला चांगलाच उभा होतो. गुडघ्यांचा विचार करून त्या दिवशीच्या भरतीची वेळ आधी पाहून ठेवा.

एक गोष्ट मात्र आवर्जून पाहावी. जुने बंदर आज आहे तिथे नव्हते. २७ मार्च १९६४ रोजी, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि चार मिनिटांहून अधिक काळ जमीन हलत राहिली. सीवर्डचा किनाऱ्यालगतचा पट्टा धक्क्यांसह समुद्रात घसरला, तेलाच्या टाक्या पेटल्या आणि त्यामागून लाटा आल्या. त्यानंतर नवे बंदर खाडीच्या वरच्या टोकाला बांधले. जुन्या धक्क्यांच्या जागी आता मोकळा किनारा आहे आणि लोक तिथे तंबू ठोकून राहतात. तिथून सरळ चालत गेले की अलास्का सीलाइफ सेंटर लागते. ते १९९८ साली उघडले, आणि १९८९मध्ये एक्सॉन वाल्डेझ या जहाजातून तेल सांडले त्याच्या भरपाईतल्या पैशाचा काही भाग त्याच्या उभारणीला लागला. पाऊस असेल तर आईंसाठी ही जागा उत्तम आहे. समुद्री सिंह आणि पफिन पक्षी तिथे काचेआड, अगदी जवळून पाहता येतात.

प्रतिसाद ३ : निवृत्त भूगोल शिक्षिका, सदाशिव पेठ

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचून आनंद झाला. मी त्यात एकच भर घालते, कारण मातोश्रींना हिमनदी दिसणारच नाही असा समज होऊ नये.

वाहनतळापासून जवळजवळ दीड किलोमीटरची एक सपाट फेरी आहे. चाकाची खुर्चीही तिच्यावरून जाते. तिथून हिमनदी लांबून दिसते. परंतु मला त्या फेरीहून आणि तिच्याकडे येणाऱ्या रस्त्याहून महत्त्वाच्या वाटल्या त्या ठिकठिकाणी उभ्या केलेल्या सालांच्या पाट्या. हिमनदीचे टोक ज्या वर्षी जिथे होते, तिथे त्या वर्षाची पाटी आहे. सर्वांत जुनी खूण १८१५ सालची आहे. बर्फाने ढकलत आणून सोडलेल्या दगडमातीचे ढीग, म्हणजे आपण शाळेत शिकवतो ते हिमोढ, आणि त्यांवर उगवलेल्या झाडांच्या खोडातली वर्तुळे यांवरून ते साल काढले आहे. त्या खुणेपासून आजवर हिमनदी दोन किलोमीटरांहून अधिक मागे गेली आहे. १९१७, १९२६, १९५१ असे करत आपण चालत जातो आणि २००५ व २०१० या पाट्यांशी आलो की जाणवते, हे तर आपल्या डोळ्यांदेखतचे साल आहे. २०१० साली माझी नात पहिलीत होती. त्या वर्षी जिथे बर्फ होता, तिथे आज उघडा खडक आहे. त्या पाटीला हात लावून मी बराच वेळ उभी राहिले होते.

चालताना झाडांकडेही लक्ष द्यावे. जुन्या पाट्यांजवळ उंच स्प्रूस आणि कॉटनवूडचे जंगल आहे. पुढे जावे तशी झाडे तरुण आणि बुटकी होत जातात, मग आल्डरची झुडपे येतात, आणि सर्वांत शेवटी खडकांच्या फटींतून गुलाबी फायरवीड आणि शेवाळ. आल्डरच्या मुळांवरच्या गाठींमधले सूक्ष्म जीव हवेतला नायट्रोजन मातीत आणतात, आपल्याकडच्या शेंगवर्गीय पिकांप्रमाणेच, आणि त्यामुळे पुढच्या झाडांना आधार मिळतो. नागड्या दगडावर जंगल कसे उभे राहते याचा दोनशे वर्षांचा पाठ तासाभराच्या चालण्यात वाचता येतो. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात मी तो फळ्यावर काढत आले होते.

मुलीने विचारले तर सांगा, बर्फ निळा दिसतो कारण दाबाखाली त्यातली हवा निघून जाते आणि घट्ट झालेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो. नदीचे पाणी राखाडी असते, कारण हिमनदीने खडक घासून केलेले पिठासारखे चूर्ण त्यात मिसळलेले असते.

एक विनंती आहे. हिमनदीच्या टोकाशी जाऊन तिला हात लावण्याचा मोह कोणीही धरू नये, आणि साहित्य व प्रशिक्षित वाटाड्याशिवाय तिच्यावर चढू नये. टोकाचे तुकडे सूचना न देता कोसळतात आणि वरच्या भेगा ताज्या हिमाखाली झाकलेल्या असतात.

धागाकर्ता : कर्वेनगरवासी

तिघांचेही मनापासून आभार. आईला प्रतिसाद वाचून दाखवले. पाट्यांची फेरी आणि धक्का, दोन्ही तिने मनाशी पक्के केले आहे.

आता दोन अडचणी आहेत. तीन रात्री दिल्या तर उत्तरेकडचे डेनाली उद्यान बहुधा सोडावे लागेल. आणि बोटीची सहा तासांची फेरी आईला सोसेल का?

प्रतिसाद ४ : सहलप्रेमी, चिंचवड

माझे मत थोडे वेगळे आहे. नऊ दिवसांत दोन रात्री सीवर्डला आणि दोन डेनालीला, असे सहज बसते. आम्ही तसेच केले. रेल्वेने अँकरेजहून सीवर्डला सव्वाचार तास लागतात आणि तो प्रवास स्वतःच पाहण्यासारखा आहे. मोटारीने हे अंतर सुमारे २०० किलोमीटर असून अडीच तासांत कापता येते. इतक्या लांब जाऊन ६१९० मीटर उंचीचे शिखर न पाहता परतायचे, हे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद ५ : घाटवाटा, औंध

चिंचवडकरांचे म्हणणे मी समजू शकतो, आणि केवळ पाहून यायचे असते तर मीही तेच सुचवले असते. परंतु डेनालीचे शिखरही बहुतेक दिवस ढगांतच असते. दोन्हीकडे दोन-दोन रात्री देणे म्हणजे दोन्हीकडे हवामानाच्या भरवशावर राहणे. धागाकर्त्यांना ओढ हिमक्षेत्राची आहे, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले आहे. म्हणून मी डेनाली सोडेन आणि सीवर्डच्या तीन रात्रींना हात लावणार नाही.

बोटीविषयी सांगायचे तर सहा तासांच्या फेऱ्या समुद्रात थेट उतरणाऱ्या हिमनद्यांपर्यंत जातात. बर्फाचा कडा तुटून पाण्यात पडतो तेव्हा आवाज मागाहून येतो, आणि तो क्षण विसरता येत नाही. पण तिकडे जाताना खाडीचा आडोसा संपतो आणि उघड्या समुद्राच्या लाटा लागतात. आईंसाठी खाडीतच फिरणारी छोटी फेरी निवडावी, तिच्यातही समुद्री सिंह, पक्षी आणि नशिबात असेल तर देवमासे दिसतात. कन्या आणि पत्नी यांना मोठ्या फेरीला जायचे असल्यास तो दिवस चढाईच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. मांड्या भरून आलेल्या असतात, बसून राहणे बरे वाटते. दिवस मोठा असल्याचाही उपयोग करून घ्या. जुलैअखेर रात्री दहानंतरही उजेड असतो, त्यामुळे सकाळी ढग असतील आणि अकराला आकाश उघडले, तरी चढायला वेळ उरतो.

प्रतिसाद ६ : वनश्री, कोथरूड

वहिनींसाठी लिहिते, कारण मीही शाकाहारी आहे आणि अस्वलांना मीही घाबरत होते.

काळी अस्वले त्या वाटेच्या परिसरात नेहमी दिसतात, विशेषतः खालच्या भागात, जिथे सामनबेरीची झुडपे फळांनी लगडलेली असतात. अस्वल बिथरते ते बहुधा अचानक समोरासमोर आल्यावर. म्हणून एकत्र चालावे आणि वळणाआधी मोठ्याने बोलावे. आम्ही आळीपाळीने गाण्याच्या भेंड्या लावल्या होत्या. दिसलेच तर पळू नये. एकत्र उभे राहून शांत आवाजात बोलत हळूहळू मागे सरावे. अस्वलाला हटवणाऱ्या तिखटाच्या फवाऱ्याचा डबा अँकरेजला किंवा सीवर्डला विकत घ्यावा. तो विमानात हातातल्या किंवा चढवलेल्या कोणत्याच सामानात चालत नाही, त्यामुळे परतताना राहत्या घराच्या मालकिणीला देऊन यावा. डबा पिशवीच्या तळाशी न ठेवता कमरेला लावावा.

जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. भाज्या, कडधान्ये आणि पीठ अँकरेजच्या मोठ्या दुकानांतून भरून न्या, सीवर्डमध्ये निवड कमी आहे. चढाईच्या दिवशी आमचे थेपले आणि गूळपोळ्या फार कामी आल्या. पुण्याहून जे खाद्यपदार्थ न्याल ते अमेरिकेत उतरताना न लपवता जाहीर करा.

धागाकर्ता : कर्वेनगरवासी

ठरले. सीवर्डला तीन रात्री आणि डेनाली पुढच्या वेळी. आईचा एक प्रश्न उरला आहे. धक्क्यावर टांगलेला मासा तिला विकत मिळेल का?

प्रतिसाद ७ : हर्णैकर, धायरी

नाही. हौशी माणसाने गळाने पकडलेला मासा विकण्यास अलास्कात कायद्याने मनाई आहे, म्हणून धक्क्यावर भाव विचारू नका. व्यावसायिक होड्यांनी आणलेला हॅलिबट दुकानात मिळतो, तो घ्या. त्याचे मांस पांढरे, घट्ट आणि मोठ्या पाकळ्यांचे असते आणि काटा जवळजवळ लागत नाही, त्यामुळे आईंना कालवण करता येईल. तेल बेताने घाला, आच मंद ठेवा. सुरमईइतका वेळ ठेवला तर तो कोरडा होतो. आगळाची छोटी बाटली मात्र पुण्याहूनच न्या.